न मागितलेलं मूळ खत

जळगावात भाड्याची खोली शोधताना एक क्रम मला पाठ झाला होता. घरमालकीण आधी खोली दाखवायची, मोरी दाखवायची, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायची आणि मग आडनाव विचारायची. आडनाव ऐकलं की तिला एकदम आठवायचं, भाचा शिकायला येणार आहे, खोली त्याच्यासाठी ठेवली आहे. त्या शहरात तेव्हा इतके भाचे शिकायला येत होते की कॉलेजं पुरली नसती.

आम्ही बौद्ध. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, मिस्टर धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ते सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे आणि शनिवारी यायचे. तीन वर्षं आम्ही एका डाळमिलच्या मागच्या दोन खोल्यांत काढली. दिवसभर मिल चालायची, तुरीच्या टरफलाचा भुसा दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, मुलीच्या पापण्यांवर बसायचा. तिला खोकला लागला तो जाईना. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. त्यांना आमचं आडनाव माहीत होतं, तरी ते असं सहज म्हणाले.

मग ठरवलं, भाड्याच्या नादी लागायचं नाही, घर विकतच घ्यायचं.

शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, अमुक कॉलनीत एक निवृत्त मुख्याध्यापक घर विकताहेत, मुलाकडे धुळ्याला कायमचं जायचंय त्यांना. त्यांचं नाव मला माहीत होतं. डी.एड.ला असताना त्यांचं भाषण ऐकलं होतं, समतेवरचं. आम्ही मुली भारावून गेलो होतो, मी तर वहीत वाक्यं उतरवून घेतली होती. सगळं गाव त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचं. मीही इथं तेवढंच म्हणणार आहे.

रविवारी आम्ही दोघं गेलो. पुढं छोटं अंगण, जास्वंद, तीन खोल्या आणि वर जाणारा जिना. गच्चीवर पुढं कधी तरी खोली काढता यावी म्हणून सळया तशाच वर सोडलेल्या. मी घर नीट पाहिलंच नाही, आडनावाचा प्रश्न कधी येतो याचीच वाट पाहत होते. शेवटी मीच सांगून टाकलं. नंतर कळून नकार यायचा, त्यापेक्षा आधी आलेला बरा.

सर हसले. म्हणाले, “बाई, मी तुमचं आडनाव विचारलं का? ज्याला गरज आहे त्यानं घर घ्यावं. शेजारच्यांना काय वाटेल ते मी बघतो.”

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याजवळ पाटावर बसवलं, स्वतःच्या कपांच्या जोडीतल्याच कपात चहा दिला. कप विसळायला मी उठले तर हाताला धरून बसवलं. परत येताना मी रिक्षात रडले. मिस्टरांचेही डोळे लाल झाले होते. आज हे लिहिताना मला त्या रडण्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

सरांनी कागद दाखवले. त्यांच्या खरेदीखताची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, लाइटबिल, प्लॉटचा उतारा. सगळ्यावर त्यांचं नाव. मूळ खत मुलाच्या कपाटात आहे, धुळ्याला, खरेदीच्या दिवशी आणतो, असं ते स्वतःहून म्हणाले. मी मान डोलावली. त्यांच्यासारख्या माणसाकडे कागद मागणं मला उर्मटपणाचं वाटलं असतं.

घरासाठी कर्ज मिळतं का म्हणून मी एका बँकेत गेले होते. तिथल्या अधिकाऱ्यानं कागदांची यादी हातात दिली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. मूळ खरेदीखत. झेरॉक्स चालेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मूळ हातात आल्याशिवाय फाइलच उघडणार नाही. आणि बाई, तुम्हीसुद्धा ते पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.” मला त्या माणसाचा राग आला. आमच्या लोकांना कर्ज द्यायचं नाही म्हणून नियम दाखवतोय, असं वाटलं. या सगळ्या व्यवहारात मला खरा सल्ला देणारा तो पहिला माणूस होता, आणि मी त्याला मनातल्या मनात जातीयवादी म्हणून बाहेर पडले.

मग मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, मिस्टरांनी त्यांच्या सोसायटीतून घेतले, आणि माझी सोन्याची पोत विकली. चोपड्याजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. केळीच्या बागांत आयुष्यभर मजुरी केलेली बाई. तिनं घर फिरून पाहिलं, जास्वंदीला हात लावला, सरांशी बोलली. परतताना मला म्हणाली, “घर चांगलं शे. पन मानूस इतला गोड का बरं बोलस?” मी तिला समजावलं की शिकलेली माणसं अशीच बोलतात. आपल्याला शिक्षणातलं कळत नाही, असं तिला वाटलं असणार. मीच तिला तसं वाटायला लावलं.

खरेदीच्या दिवशी निबंधक कचेरीच्या आवारात दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलाशी आम्ही बसलो होतो. सर आले, मूळ खत आणलं नव्हतं. मुलगा कामासाठी सुरतेला गेलाय, कपाटाची किल्ली त्याच्याजवळ, पुढच्या आठवड्यात पाठवतो. एवढं सांगून ते पान खायला टपरीकडे गेले. दस्त लिहिणारा म्हातारा होता, जाड चष्मा लावलेला. टाइप थांबवून त्यानं मला विचारलं, “बाई, मूळ खत पाह्यलं का तुम्ही डोळ्यांनी?”

मी हो म्हणाले.

का म्हणाले? टपरी चार पावलांवरच होती, सर तिथं उभे होते. त्यांनी ऐकलं असतं. या बाईचा माझ्यावर विश्वास नाही, असं त्यांना वाटलं असतं. ज्या माणसानं आम्हाला माणसात धरलं, त्याला असं वाटू देणं मला जमलं नाही. मिस्टर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

म्हाताऱ्यानं पुढं टाइप केलं. ‘सदर मिळकतीवर कोणाचाही बोजा, गहाण, दावा नाही.’ खाली सरांची सुंदर, वळणदार सही.

आम्ही राहायला गेलो. बुद्धवंदना घेतली, खीर केली, शेजारी वाट्या पाठवल्या. दोन घरांतून वाट्या धुऊन परत आल्या, एका घरातून खिरीसकट. तेही मी सोसलं, कारण घर आपलं होतं. घरपट्टीच्या पावतीवर आमची नावं लागली तेव्हा मी ती पावती पिशवीत घालून शाळेत नेली आणि मधल्या सुट्टीत बाईंना दाखवली. मूळ खताचं मी सरांना दोनदा पत्रानं विचारलं. पहिल्याचं उत्तर आलं, त्यात आशीर्वाद होते आणि खताचा उल्लेख नव्हता. दुसऱ्याचं आलं नाही. मिस्टर धुळ्यातच असायचे, जाऊन विचारू शकले असते. पण मी म्हटलं, राहू द्या, म्हातारा माणूस आहे, बरं दिसत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एका दुपारी शाळेतून आले, तर फाटकाला कागद चिकटवलेला आणि समोर चार बायका उभ्या. मला पाहून त्या पांगल्या. धुळ्यातल्या एका सहकारी बँकेच्या वसुली अधिकाऱ्याची नोटीस होती. सरांनी मुलाच्या दुकानासाठी कर्ज घेतलं होतं, ते थकलं होतं, आणि त्यासाठी ही मिळकत बँकेकडे गहाण होती. रक्कम न भरल्यास जप्ती करून लिलाव. मी तो कागद नखांनी खरवडून काढला. खळ ओली होती, अर्धा कागद फाटकालाच राहिला. पुढं कित्येक दिवस येणारे-जाणारे तिथं वाकून वाचायचे.

मी रजा टाकून धुळ्याला गेले. मिस्टरही आले. बँकेच्या अधिकाऱ्यानं फाइल काढली आणि टेबलावर एक पिवळा पडलेला, दोऱ्यानं शिवलेला दस्त ठेवला. वर जुने स्टॅम्प, आत सरांचं नाव, आमचा प्लॉट नंबर, आमच्या चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ. आम्ही इसार दिला त्याच्या तीन वर्षं आधीपासून तो तिथल्या कपाटात होता. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी मागवलं आणि हळूच विचारलं, “विकत घेताना तुम्ही हे मागितलंच नाही का?”

जळगावात परत आल्यावर वकिलाकडे गेलो. कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांचं ऑफिस होतं. बोलणं तुटक, पण फी आधी सांगणारा सरळ माणूस. मी सगळं सांगितलं. घरपट्टीवर आमचं नाव आहे, रजिस्टर खरेदीखत आहे, ताबा आहे, दोन वर्षं आम्ही राहतोय. ते ऐकत होते आणि एकेक गोष्ट बाजूला सारत होते. घरपट्टीवरचं नाव म्हणजे कर कोणी भरायचा एवढंच. मालकी त्यानं ठरत नाही. खरेदीखत खरं आहे, घर तुमचंच झालं, पण गहाणासकट झालं. सरांकडे जेवढं होतं तेवढंच ते तुम्हाला देऊ शकत होते.

मिस्टरांनी विचारलं, कचेरीत जुन्या नोंदींचा शोध घेतला असता तर?

वकील म्हणाले, शोधातही निघालं नसतं. हे नुसतं मूळ खत बँकेत ठेवून घेतलेलं गहाण. त्याची नोंदणी लागत नाही. कळायला एकच वाट होती, मूळ खत डोळ्यांनी पाहायला मागणं.

मी म्हटलं, “पण आम्हाला गहाणाचं काहीच माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.”

ते म्हणाले, “बाई, जिथं विचारायला हवं तिथं विचारलं नाही, तर माहीत होतं असंच कायदा धरतो. तुम्हाला मूळ खताबद्दल कोणी सावध केलं होतं का?”

मिस्टर म्हणाले, “दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं होतं. ही हो म्हणाली. मीही तिथंच होतो, मीही बोललो नाही.” एवढंच. ना आवाज चढवला, ना माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं.

वकिलांनी तीन वाटा सांगितल्या. बँकेशी भांडा, वर्षानुवर्षं जातील आणि बहुधा हराल. सरांवर फसवणुकीची फिर्याद द्या, अटकही होईल, पण त्यानं गहाण सुटणार नाही. किंवा बँकेशी तडजोड करून रक्कम तुम्ही भरा, घर सोडवा आणि भरलेल्या रकमेसाठी सरांवर दावा लावा. तिसरी वाट त्यातल्या त्यात बरी, म्हणाले.

त्याआधी मला सरांना भेटायचं होतं. मिस्टर नको म्हणाले, मग सोबत आले. धुळ्यात देवपूरकडे मुलाचं भाड्याचं घर. दुकान बंद पडलं होतं आणि त्याचं राहिलेलं सामान, मिक्सर आणि पंख्यांची खोकी, पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली. मुलगा घरात नव्हता, किंवा आत असून बाहेर आला नाही. सर खुर्चीत बसले होते. वाळले होते, पण दाढी रोजच्यासारखी गुळगुळीत.

ते नाकारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काहीच नाकारलं नाही. तुमच्या पैशातून आधी बँकेचंच भरायचं असं ठरवलं होतं, मुलानं दुकानात माल भरतो म्हणून मागितले, सहा महिन्यांत फिरवून देतो म्हणाला, मी बाप आहे. हे सगळं त्यांनी त्याच स्पष्ट आवाजात सांगितलं, ज्या आवाजात मी भाषण ऐकलं होतं.

मी विचारलं, “सर, आम्हालाच का?”

आतल्या दारात काकू उभ्या होत्या. त्याच बोलल्या. “आधी दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनी मूळ खत मागितलं आणि निघून गेले. मग तुम्ही आलात.”

सरांनी त्यांना गप्प बस म्हणून हात केला. मी म्हटलं, “आम्ही मागणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

सर म्हणाले, “तुम्ही आत आलात, उंबऱ्याजवळच चपला काढून उभ्या राहिलात, आणि मी बसा म्हटल्यावर बसलात. तेव्हाच कळलं होतं.”

त्यांनी हे निर्लज्जपणे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी चहा ठेवते म्हटलं, मी नको म्हणाले. उठताना मिस्टरांनी त्यांना नमस्कार केला, सवयीनं. मी केला नाही.

फिर्याद आम्ही दिली नाही. मला द्यायची होती. मिस्टर म्हणाले, त्यांच्या अटकेनं आपला एक हप्तासुद्धा कमी होणार नाही. खरं कारण वेगळं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही फिर्याद दिली असती तर कॉलनीनं एवढंच लक्षात ठेवलं असतं की या लोकांना सरांनी घर दिलं आणि यांनी सरांना तुरुंगात घातलं.

बँकेशी तडजोड झाली. दर महिन्याला धुळ्याला हप्ता भरायचा. बँक मिस्टरांच्या वर्कशॉपच्या वाटेवर असल्यानं ते काम त्यांच्याकडे आलं. जळगावला बदली मिळत होती तेव्हाही त्यांनी घेतली नाही, कारण धुळ्यात ओव्हरटाइम होता. एकच घर आम्ही दोनदा विकत घेतलं आणि त्यासाठी सात वर्षं वेगळे राहिलो. गच्चीवरच्या सळया गंजल्या, पावसाळ्यात त्यांचं तांबडं पाणी भिंतीवरून उतरायचं. मुलीला बारावीला चांगले मार्क पडले होते, तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. ती स्वतःच डी.एड.चा फॉर्म घेऊन आली.

सरांवरचा दावा आम्ही जिंकलो. पाच वर्षांनी हुकूमनामा मिळाला. वकिलांनी तो हातात देताना सांगितलं, वसुलीची आशा धरू नका. सरांच्या नावावर काही उरलेलं नाही आणि पेन्शनवर जप्ती येत नाही. मी विचारलं, मग हा कागद कशाचा? ते म्हणाले, तुमचं खरं होतं याचा. त्यांचं बरोबरच होतं. मी तो कपाटात टाकला.

शेवटचा हप्ता भरला त्या वर्षी बँकेनं मूळ खत आणि नाहरकत दाखला दिला. मी पेढे आणले नाहीत. सासूबाई तोवर गेल्या होत्या. आमच्यावर काय आलं ते आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात सर गेल्याचं कळलं. धुळ्यात शोकसभा होती. मी जाणार नाही म्हटलं. मिस्टरांची ड्यूटी तिथंच होती, ते गेले. शनिवारी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. सभेला खूप माणसं होती, म्हणाले. जुने विद्यार्थी, शिक्षक, दोन-तीन पुढारी. एका वक्त्यानं सांगितलं की सर नुसते बोलत नव्हते, कृती करत होते. अख्ख्या कॉलनीचा विरोध असताना त्यांनी आपलं राहतं घर एका बौद्ध कुटुंबाला दिलं. मग कुणी तरी मिस्टरांना ओळखलं. तेच ते, असं म्हणत लोकांनी त्यांना पुढं आणलं, दोन शब्द बोला म्हणाले.

माझा हात भाकरीवर थांबला. “मग?”

“मी म्हणालो, सरांनी आम्हाला घर दिलं.”

“आणि?”

“आणि काही नाही. बसलो.”

मला काय काय बोलावंसं वाटलं. सात वर्षं मोजून दाखवावीत, मुलीला समोर उभं करावं, हुकूमनामा काढून ताटाशेजारी ठेवावा. मी एवढंच विचारलं, का.

ते म्हणाले, “समोर काकू बसल्या होत्या. पांढरं पातळ नेसून. माझ्याकडेच बघत होत्या. मी काय बोलतो याची भीती वाटत होती त्यांना.”

मी ताटावरून उठले. त्या रात्री आणि रविवारभर मी त्यांच्याशी बोलले नाही. एवढ्या वर्षांत, सगळं सोसताना, असं पहिल्यांदाच झालं. सोमवारी पहाटे ते गाडीला निघाले तेव्हा नेहमीप्रमाणे मी डबा भरून दाराशी ठेवला होता. त्यांनी तो उचलला, फाटक सावकाश लावलं आणि गेले. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं.